उनकेश्वराचे ऊन पाणी



महाशिवरात्र जवळ आली की आपल्या मंदिरात अभिषेकाची तयारी सुरू होते. घागरी घासल्या जातात, बेल आणण्याची पाळी कोणाची हे ठरते, आणि उत्सवापूर्वीच्या या पत्रिकेत चार शब्द लिहिण्याचा आमच्या वडिलांचा परिपाठ असतो. यंदा त्यांनी ते काम आमच्यावर सोपविले. ‘विषय कोणता घेऊ?’ असे विचारता ते म्हणाले, ‘ज्या विषयाची तुला लाज वाटते, तो घे.’ या उत्तराचा उलगडा पुढे होईल.

आमचे शिक्षण शाळेच्या शेवटच्या परीक्षेपर्यंतचे. शास्त्राध्ययन असे काही झालेले नाही. वडिलांच्या शेजारी बसून पोथी ऐकता ऐकता जे कानी पडले, तीच आमची शिदोरी. तेव्हा येथे विद्वत्तेची अपेक्षा कोणी ठेवू नये. घरच्या मुलाने घरच्या माणसांशी बोलावे तसे हे बोलणे आहे, एवढे समजून गोड करून घ्यावे.

आजचा विषय तीर्थ हा आहे. ‘तॄ’ म्हणजे तरून जाणे, या धातूपासून तीर्थ हा शब्द आला. नदी जेथे पायी ओलांडता येते, जेथे उतार सापडतो, ती जागा म्हणजे तीर्थ. पुढे काशी, प्रयाग, रामेश्वर यांना आपण तीर्थ म्हणू लागलो, आणि पूजेनंतर पळीने तळहातावर पडते त्या चमचाभर पाण्यालाही तेच नाव दिले. लहान असो की मोठे, ज्याच्या योगाने माणूस अलीकडून पलीकडे जातो ते तीर्थ. ज्याच्या योगाने माणूस अलीकडेच अडकून पडतो, त्याला तीर्थ म्हणता येईल का, हा प्रश्न मनात ठेवून पुढे चलावे.

आपल्या देशात भूमीतून आपोआप ऊन पाणी उसळते अशी अनेक ठिकाणे आहेत, आणि जेथे असे पाणी तेथे बहुधा देऊळ आहेच. आपल्या सातपुड्याच्या बाजूस पाहावे तर छिंदवाडा जिल्ह्यात अनहोनी आहे, मंडल्याजवळ बबेहा येथे गरम पाण्याचे कुंड आहे. सातपुड्याच्याच पायथ्याशी जळगाव जिल्ह्यात उनपदेव आहे. तेथे गोमुखातून ऊन पाण्याची धार पडते. कोकणात तर अशा झऱ्यांची माळच आहे. तानसा नदीच्या काठी वज्रेश्वरी, अकलोली, गणेशपुरी, दक्षिणेस उन्हवरे, आरवली, तुरळ, राजवाडी, राजापूरजवळ उन्हाळे. वज्रेश्वरीच्या देवीला चिमाजी अप्पांनी वसईच्या मोहिमेत नवस केला आणि १७३९ साली वसईचा किल्ला सर झाल्यावर तो फेडला, ही हकीगत पुष्कळांनी ऐकली असेल.

या गावांची नावे पुन्हा एकदा वाचावीत. उनपदेव, उन्हवरे, उन्हाळे. संस्कृतातील ‘उष्ण’चे प्राकृतात ‘उण्ह’ झाले आणि मराठीत ‘ऊन’. म्हणजे आपल्या पूर्वजांनी फार मोठी नावे शोधली नाहीत. पाणी ऊन आहे, म्हणून गावाचे नाव ऊन. आणि त्या पाण्याचा स्वामी जो महादेव, तो उनकेश्वर.

उनकेश्वर हे क्षेत्र नांदेड जिल्ह्यात, किनवटच्या बाजूस, पैनगंगेच्या काठी आहे. आपल्या भागातून माहूरगडास रेणुकामातेच्या दर्शनाला जाणारी मंडळी पुष्कळ. त्यांतील काही पुढे उनकेश्वरापर्यंत जाऊन येतात. महादेवाचे प्राचीन मंदिर आहे, यादवकाळातील मराठी शिलालेख तेथे सापडला आहे, आणि मंदिरापाशी गंधकाच्या वासाच्या ऊन पाण्याची कुंडे आहेत. यादवांचे राज्य जाऊन सातशे वर्षे झाली. मध्यंतरी किती राज्ये आली आणि गेली, पण झरा थांबला नाही आणि यात्राही थांबली नाही. सांधे धरलेले, अंगाला खाज-खरूज झालेले, त्वचेच्या रोगाने गांजलेले लोक तेथे येतात, स्नान करतात, महादेवाला पाणी घालतात आणि परत जातात.

हे पाणी ऊन का, असे लहान मुले विचारतात. त्यांना ‘देवाची करणी’ एवढेच सांगून गप्प करू नये. करणी देवाची खरी, पण ती कशी चालते हे सांगण्यात भक्तीला बाध येत नाही. पावसाचे पाणी खडकांच्या भेगांतून मुरत मुरत फार खोल जाते. भूमीच्या पोटात जसजसे खाली जावे तसतशी उष्णता वाढते; साधारणपणे दर कोसाला नव्हे, दर किलोमीटरला पंचवीस-तीस अंशांनी. खोल गेलेले पाणी त्या उष्णतेने तापते, वाटेतील खडकांतले क्षार आणि गंधक आपल्याबरोबर घेते, आणि एखाद्या मोठ्या भेगेची वाट सापडली की वर येते. आपल्या या भागात आज जागृत ज्वालामुखी नाही. ही ऊब भूमीच्या स्वतःच्या पोटातली आहे. जे पाणी आज कुंडात उसळते ते फार पूर्वीच्या पावसाचे असू शकते. आपण अंगावर घेतो तो कोणत्या काळचा मेघ, हे सांगता यावयाचे नाही!

आयुर्वेदानेही या पाण्याची नोंद घेतली आहे. नदीचे, विहिरीचे, तळ्याचे, झऱ्याचे अशी पाण्याची वर्गवारी करताना भूमी फोडून वर येणाऱ्या पाण्याला ‘औद्भिद’ असे निराळे नाव आपल्या वैद्यांनी दिले. ऊन पाण्याने स्नान कसे करावे याचाही विचार त्यांनी केला. कंठाखालच्या शरीराला ऊन पाणी बळ देते, पण तेच डोक्यावरून घेतले तर केसांना आणि डोळ्यांना अपाय करते, असे वाग्भटाने सांगून ठेवले आहे. म्हणजे चांगल्या वस्तूचेही प्रमाण असते, आणि ती कोणाला, कोठे, किती द्यावी याचा विवेक करावा लागतो. हा विवेक आमच्याकडून सुटला, म्हणून हा लेख लिहावा लागत आहे.

आता उनकेश्वराची कथा सांगतो.

वनवासात असता श्रीरामचंद्र सीतामाई आणि लक्ष्मण यांच्यासह शरभंग ऋषींच्या आश्रमास आले. ऋषी वृद्ध होते, आणि त्यांच्या अंगावर महारोग फुटला होता. रामरायाने त्यांची ती अवस्था पाहिली, धनुष्याला बाण लावला आणि भूमीत मारला. बाण गेला तेथून ऊन पाणी उसळले. त्या पाण्यात शरभंगांनी स्नान केले आणि त्यांची काया निर्मळ झाली. तेच हे उनकेश्वराचे पाणी, असे तेथील लोक सांगतात. हीच कथा उनपदेवालाही सांगतात. उत्तरेस चित्रकूटच्या परिसरातही शरभंगांचा आश्रम दाखवितात. यावरून कोणी वाद घालू नये. जेथे जेथे माणसे दुखणी घेऊन आली तेथे तेथे त्यांनी आपल्यासाठी राम बोलावून आणला, एवढाच याचा अर्थ.

तथापि एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगावयास हवी. वाल्मीकिरामायणाच्या अरण्यकांडात शरभंगांची भेट आहे, पण महारोगाचा उल्लेख नाही आणि बाणाने काढलेल्या झऱ्याचाही नाही. तेथे असे आहे की, शरभंगांना ब्रह्मलोकी नेण्यासाठी प्रत्यक्ष इंद्र रथ घेऊन आला होता. परंतु राम जवळ आला आहे हे जाणून, त्या प्रिय अतिथीला पाहिल्यावाचून आपण ब्रह्मलोकी जाणार नाही असे शरभंगांनी ठरविले. राम येताच त्यांनी आपल्या तपाने मिळविलेले लोक त्याला देऊ केले. रामाने ते नम्रपणे नाकारले. ‘ते मी स्वतः मिळवीन, आम्हांला राहावयास जागा तेवढी सांगा,’ असे तो म्हणाला. शरभंगांनी त्याला सुतीक्ष्ण ऋषींचा मार्ग दाखविला, मग अग्नी सिद्ध करून त्यात प्रवेश केला. जीर्ण शरीर जळून गेले आणि त्या अग्नीतून एक तेजस्वी तरुण बाहेर आला, असे आदिकवींनी वर्णिले आहे.

मग महारोगाची कथा खोटी का? आम्हांला तसे वाटत नाही. ग्रंथातली कथा ऋषींनी सांगितली. झऱ्याकाठची कथा रोग्यांनी सांगितली. जुने शरीर टाकून शरभंग नवे झाले, हे ऐकून ज्यांची बोटे झडत होती त्यांनी म्हटले असेल, ‘मग ते आमच्यासारखेच होते.’ ज्यांना गावाबाहेर काढले होते, ज्यांना देवळाच्या पायरीवर चढू देत नव्हते, त्यांनी आपल्याला एक ऋषी शोधून काढला. या कथेत तीन गोष्टी अशा आहेत की त्या आपण सर्वांनी ध्यानात घ्याव्यात.

पहिली गोष्ट. महारोग झाला तो शरभंगांना. ज्यांना न्यावयास इंद्र येतो, ज्यांच्या तपाला तोड नाही, त्यांना. आपण मात्र चटकन म्हणून जातो की, हा रोग पूर्वजन्मीच्या पापाचे फळ आहे. तसे असते तर या कथेला कुष्ठरोगी म्हणून एखादा पापी राजा सापडला नसता का? कथा सांगणाऱ्यांनी मुद्दाम ऋषी निवडला. रोग म्हणजे पापाची पावती नव्हे, हे आपल्या लोकांनी शास्त्रार्थ न करता, एका गोष्टीतून सांगून टाकले.

दुसरी गोष्ट. राम स्वतः चालत आश्रमास गेला. ‘रोग्याला माझ्यापासून दूर बसवा’ असे म्हणाला नाही, ‘आधी बरा हो, मग दर्शन देईन’ असेही म्हणाला नाही. सीतामाई बरोबर होती, धाकटा भाऊ बरोबर होता. त्यांना त्याने आश्रमाबाहेर थांबविले नाही.

तिसरी गोष्ट. शरभंग बरे झाले आणि झरा तेथेच राहिला. एकाच रोग्यासाठी काढलेले पाणी पुढच्या सर्व रोग्यांसाठी ठेवून राम पुढे गेला. ते पाणी कोणाच्या मालकीचे नाही, आणि ते कोणी कोणाला दुरून ओतावे अशीही त्याची आज्ञा नाही.

येथे आमच्या लाजेची गोष्ट येते.

काही वर्षांपूर्वी, कार्तिकात, वडील परगावी गेले असता पूजा आमच्याकडे होती. शेजारच्या एका खेड्यातील एक शेतकरी दर सोमवारी दर्शनाला येत असे. त्या दिवशी त्याने तीर्थासाठी हात पुढे केला तेव्हा त्याच्या मनगटावर फिकट असा एक चट्टा आम्हांला दिसला. आमचा हात आपोआप वर गेला. पळी एक वीतभर उंच धरून आम्ही तीर्थ ओतले. अर्धे त्याच्या हातावर पडले, अर्धे जमिनीवर. त्याने ते पाहिले. काही बोलला नाही. तीर्थ घेऊन डोक्याला हात पुसला आणि हळूच विचारले, ‘महाराज, येथे काही लागले तरी कळत नाही. काय करावे?’

आम्हांला उनकेश्वराची कथा पाठ होती. आम्ही मोठ्या ऐटीत सांगितले, ‘उनकेश्वरास जा. अकरा दिवस स्नान कर. परत आल्यावर घरीही तसेच ऊन पाणी घेत जा.’ दवाखान्याचा शब्द आमच्या तोंडातून निघाला नाही. त्याने बकरी विकली, बायकोला घेतले आणि तो गेला. परत आला तो आनंदात होता. अंगाची खाज थांबली होती, मन हलके झाले होते. प्रसादाचा अंगारा त्याने आमच्या पायांशी आणून ठेवला. आम्हांला धन्यता वाटली.

पुढे हिवाळ्यात घरी स्नान करताना त्याने कढत पाण्याच्या घंगाळात पाय ठेवला आणि बायकोशी बोलत बसला. पायाची कातडी निघू लागलेली प्रथम तिने पाहिली. त्याला काही कळलेच नव्हते. जखम चिघळली. ती काही दिवसांत बरी होईल, देवाचे पाणी आहे, असे म्हणून त्याने आणखी महिने काढले. शेवटी गावातील आशाताईने त्याला हाताला धरून आरोग्य केंद्रात नेले. तेथे रोगाचे निदान झाले आणि गोळ्या सुरू झाल्या. बारा महिने त्याने एक दिवसही न चुकविता गोळ्या घेतल्या. रोग गेला. परंतु डाव्या हाताची दोन बोटे वाकली ती वाकलीच, आणि पायाचे दुखणे अधूनमधून उठते. सुरुवातीसच गेला असता तर हे टळू शकले असते, असे त्याला तेथे सांगण्यात आले. ते त्याने आम्हांला सांगितले. आवाजात राग नव्हता. राग असता तर आम्हांला सोपे गेले असते.

तो आजही सोमवारी येतो. पण गाभाऱ्यासमोर येत नाही. नंदीपाशी उभा राहतो आणि बायकोच्या हाती लहानसा तांब्या देऊन तीर्थ मागवून घेतो. त्याला तेथे कोणी उभे केलेले नाही. कोणी आडकाठी केलेली नाही. वीतभर उंच गेलेल्या त्या पळीने त्याला तेथे उभे केले आहे.

वडिलांना आम्ही हे सर्व पुष्कळ उशिरा सांगितले. ते बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, ‘बाळा, तू त्याला कथा अर्धीच सांगितलीस. राम आश्रमात गेला, हे सांगायला विसरलास.’

भाविकहो, आता जे सांगावयाचे ते स्पष्ट सांगतो. कारण आपल्या भागात हा रोग अजून आहे आणि तो लपविण्याची रीतही आहे. नॉर्वे देशातील हॅन्सेन या वैद्याने १८७३ साली दाखवून दिले की, कुष्ठरोग एका जंतूमुळे होतो. तो शापाने होत नाही, रक्ताने पिढ्यान्‌पिढ्या उतरत नाही, तीर्थप्रसाद हाती दिल्याने लागत नाही. उपचार न घेतलेल्या रुग्णाच्या दीर्घ सहवासात, श्वासावाटे तो पसरतो, आणि बहुतेक माणसांच्या शरीरात त्याला तोंड देण्याची शक्ती मुळातच असते. १९८१ साली जागतिक आरोग्य संघटनेने एकाहून अधिक औषधे एकत्र देण्याची पद्धत सांगितली. त्या पद्धतीने आज हा रोग सहा महिन्यांत किंवा बारा महिन्यांत पुरता बरा होतो. औषध सुरू झाले की थोड्याच काळात त्या माणसापासून दुसऱ्याला लागण होण्याची भीती उरत नाही. ही औषधे सरकारी आरोग्य केंद्रात विनामूल्य मिळतात. २००५ च्या अखेरीस देशात या रोगाचे प्रमाण दहा हजारांत एकाच्या खाली आले. तरीही २०२२-२३ या एका वर्षात देशात एक लाखाहून अधिक नवे रुग्ण सापडले. ते सर्व कोठल्या तरी गावचे, कोठल्या तरी देवळात येणारे लोक आहेत.

कायद्यानेही आपली चूक सुधारली आहे. १८९८ चा कुष्ठरोग्यांना वेगळे कोंडण्याचा कायदा २०१६ साली रद्द झाला. १९५५ च्या हिंदू विवाह कायद्यात कुष्ठरोग हे घटस्फोटाचे एक कारण होते. ते २०१९ साली काढून टाकण्यात आले. सरकारने आपल्या पुस्तकातून जे खोडले, ते आपल्या मनातून खोडावयाचे राहिले आहे.

आणि ऊन पाण्याविषयी एक गोष्ट विशेष करून सांगतो. ज्याच्या कातडीची जाणीव गेली आहे त्याला पाणी किती कढत आहे हे कळत नाही. ज्या रोग्यासाठी हे पाणी निघाले अशी कथा आहे, त्यालाच अविचाराने घेतलेले ऊन पाणी सर्वांत जास्त पोळते. उनकेश्वराच्या पाण्याने ठणकणारे सांधे निवतात, खाज कमी होते, थकलेले मन ताजे होते. हे खरे आहे आणि त्यासाठी अवश्य जावे. परंतु त्या पाण्याने कुष्ठरोगाचा जंतू मरत नाही. दर्शन महादेवाचे घ्यावे आणि गोळ्या आरोग्य केंद्राच्या घ्याव्यात. एकाने दुसऱ्याचा अपमान होत नाही. औषध देणाऱ्या हातातही देवच आहे, असे आपण एरवी म्हणतोच ना?

दुसऱ्या एका झऱ्याची हकीगत सांगून हे बोलणे आवरते घेतो. चंद्रपूर जिल्ह्यातील वरोरा येथे मुरलीधर देवीदास आमटे नावाचे वकील होते. लोक त्यांना बाबा म्हणत. कोणाला न भिणारा माणूस अशी त्यांची ख्याती. एका पावसाळी रात्री त्यांना गटारात चिंध्यांचे बोचके दिसले. जवळ गेले तो तुळशीराम नावाचा मरणोन्मुख कुष्ठरोगी होता. बाबा भ्याले आणि घराकडे पळाले. परंतु त्या पळण्याने त्यांना झोप येऊ दिली नाही. ते परत गेले, त्याच्यावर आडोसा केला आणि तो मरेपर्यंत त्याची शुश्रूषा केली. पुढे १९५१ साली, पत्नी साधनाताई, दोन लहान मुले, सहा रुग्ण आणि एक लंगडी गाय घेऊन त्यांनी खडकाळ माळावर आनंदवन वसविले. पाणी नव्हते. ज्यांची बोटे झडली होती त्या हातांनी विहीर खणली आणि पाणी लागले. शरभंगांसाठी रामाने बाण मारला; येथे शरभंगांनीच भूमी फोडली! त्यांच्या हातची भाजी आणि दूध आसपासचे लोक आरंभी घेईनात. पुढे तेच आनंदवन पाहण्यास लोक लांबून येऊ लागले. बाबा २००८ साली निवर्तले. आनंदवन उभे आहे.

बाबाही प्रथम पळाले होते, या एका गोष्टीने आमच्यासारख्याला धीर येतो. पळाले, पण परत गेले. आम्ही पळीचा हात वर नेला, तो खाली आणावयाचा आहे.

शेवटी एक नकाशा मनासमोर आणावा. आपल्या शेतांचे पाणी वैनगंगेला मिळते. ती शिवनी जिल्ह्यात मुंडारा येथे उगम पावून, आपल्या बालाघाटातून भंडारा, गडचिरोलीकडे जाते. उनकेश्वराच्या कुंडातील ओघळ पैनगंगेला मिळतो. पैनगंगा वर्धेला मिळते. आनंदवनाच्या माळावरील पावसाचे पाणीही वर्धेच्याच खोऱ्यात उतरते. आणि गडचिरोली जिल्ह्यात चपराळ्याजवळ वर्धा आणि वैनगंगा एक होतात. तेथून पुढे त्या नदीचे नाव प्राणहिता. प्राणांचे हित करणारी. ती कालेश्वराजवळ गोदावरीत जाते, जेथे एकाच शाळुंकेवर दोन लिंगे आहेत. १९५६ साली राज्यांच्या सीमा बदलल्या, आपण मध्य प्रदेशात राहिलो, चंद्रपूर पलीकडे गेले; पण पाण्याने ती सीमा कधी मानली नाही. ऋषीचे स्नान झालेले पाणी, रोग्यांनी काढलेले पाणी आणि आपल्या मंदिराच्या पन्हळीतून वाहून जाणारे अभिषेकाचे पाणी, ही सर्व एकाच नदीत जातात. नदी कोणाला वीतभर उंचावरून घेत नाही.

यास्तव उत्सवानिमित्त मंदिराच्या सर्व कुटुंबांस तीन विनंत्या आहेत.

एक. कोणाच्या अंगावर फिकट वा तांबूस चट्टा दिसला, त्या जागी स्पर्श, ऊन-थंड कळेनासे झाले, हातापायांना मुंग्या येऊ लागल्या किंवा बोटे अशक्त वाटू लागली, तर ते लपवू नये. त्याच आठवड्यात आरोग्य केंद्रात दाखवावे. विशेषतः लग्नाच्या मुलींचे चट्टे घरात लपविले जातात. ते तर मुळीच लपवू नयेत. बऱ्या झालेल्या मुलीला नाकारणाऱ्या घरापेक्षा बरी झालेली मुलगी अधिक शुद्ध आहे.

दोन. महाप्रसादाच्या पंगतीत ज्याला जेथे जागा मिळेल तेथे बसावे. कडेची जागा कोणासाठी राखून ठेवू नये.

तीन. तीर्थ सर्वांना एकाच रीतीने दिले जाईल. पळी तळहाताला टेकेल इतक्या खाली येईल, आणि प्रसाद हातावर ठेवला जाईल. ज्यांना हे चालत नसेल त्यांनी आमच्याशी किंवा आमच्या वडिलांशी येऊन बोलावे, रागावणार नाही. पण रीत बदलणार नाही.

शिवरात्रीच्या पहाटे पहिला अभिषेक झाल्यावर आम्ही तीर्थाचे पात्र घेऊन पायऱ्या उतरून नंदीपर्यंत जाणार आहोत. तेथे जो उभा असेल त्याच्या हातावर प्रथम तीर्थ देऊ, त्याच्यापाशी क्षमा मागू आणि त्याला आत घेऊन येऊ. तो येईल की नाही, हे सांगता येत नाही. न येण्याचा त्याला अधिकार आहे. तो आला नाही तर पुढच्या सोमवारी आम्ही पुन्हा खाली उतरू. राम आश्रमापर्यंत चालत गेला होता; आम्हांला तर चारच पायऱ्या उतरावयाच्या आहेत.

उनकेश्वर महादेव आपणां सर्वांना आरोग्य देवो, आणि आरोग्य असलेल्यांना ऊब देवो.

हर हर महादेव!